विसाजीपंतांस बोलता कोश गवसला त्याची हकिकत

श्री नदीमाय साक्ष. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी, वर्तमान ऐसे घडले जे, राज्यात पूर्वी धरण बांधोन नदीकाठची गावे पाण्याखाली गेली होती, त्यांतील एका गावचे विसाजीपंत लेखक राजधानीत राहोन त्या गावाची कथा लिहीत होते, आणि लिहिता लिहिता शब्दांपाशी अडले. नावाड्यांची बोली जाणणारे नावाडी निवर्तले होते. मग पंतांनी संगणक मांडोन महाजालावर शोध आरंभिला, आणि थोर थोर कोश पाहिले, जुन्या ग्रंथांचे संग्रह धुंडाळिले, परगण्यापरगण्याच्या बोलींच्या नोंदी चाळिल्या, आणि पुष्कळ शब्द हाती आले. मग एका कोशातून दुसऱ्यात जाता जाता एक बोलता कोश उघडला. त्यावर कर्त्याचे नाव नाही, ठिकाण नाही. शब्दावर बोट ठेविता शब्द कानी पडे, तोही बुडाल्या काठच्याच हेलाने. आवाज बाईचा. पंत बहुत संतोष पावले, आणि वल्हे, भोवरा, उतार ऐसे एकेक ऐकोन लिहोन घेतले, आणि मग 'हाक' या शब्दावर बोट ठेविले.

आवाज म्हणाला, "हाक." मग किंचित थांबोन म्हणाला, "विसू, तू भोवऱ्यात गेलास तेव्हा मी काठावरून हाकच मारीत होते रे. तुला ऐकू गेली नाही."

लहानपणी पंत बुडत असता कैलासवासी मातुश्रींनी उडी घालोन वाचविले, हे घराबाहेर कोणास ठाऊक नव्हते. पंतांचे कुटुंब भिवराबाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांनीही ऐकिले.

"अहो, कोण बोलते हे?"

"आई."

"भलतेच काय! सासूबाई तर जन्माच्या मुक्या."

"होय. म्हणून तर हा आवाज मी कधी कोठे ऐकिला नाही. तिचाच आहे."

"बंद करा ते. मला भय वाटते."

"करतो. आधी तिला ओ देऊ दे."

आणि पंत पडद्याकडे वाकले, आणि म्हणाले, "ओ, आई." मग आतून पाण्याचा खळखळाट ऐकू आला, आणि पान कोरे जाहले.

पुढे तो कोश पंतांस गवसला नाही, इतरांसही नाही. ग्रंथ सिद्धीस गेला, आणि त्यातील शब्द खरे, ऐसे उठविल्या गावच्या लोकांनी वाचोन सांगितले. पंत मात्र त्यानंतर नाव नदीत शिरली की बोलत नसत; पाण्याकडे कान देऊन बसत. जाहले तैसे लिहिले.