मुळं धरली का?

सासरहून आलेली अंजिराची फांदी जावयाने सकाळी कुंडीतून उपटली, डोळ्यांजवळ धरून निरखली आणि मुळं दिसेनात म्हणून परत खोचली. हे रोजचंच होतं.

"अरे, जगू दे की तिला!" बायको आतून ओरडली.

"जगतेय का, तेच तर बघतोय."

काळजी खोटी नव्हती. सासऱ्यांच्या परसातलं जुनं अंजिराचं झाड नवी खोली काढताना तोडावं लागलं होतं. त्याची ही शेवटची फांदी. ती सोपवताना सासूबाईंचा आवाज कापरा झाला होता. लेक सोपवताना तो चांगला खणखणीत होता.

फांदी जरा लांब पडली म्हणून त्याने वरचा तुकडा छाटला होता. मांजर पुदिन्याची कुंडी उकरायचं, म्हणून बायकोने तो तुकडा पुदिन्यात रोवला आणि विसरून गेली.

सासरे मात्र काही विसरत नव्हते. "जावईबापू, पानं फुटली का?" फोनवर पहिला प्रश्न हाच. आधी तो "फुटतायत" म्हणाला. मग त्याच्या तोंडून "दोन फुटली" निघून गेलं. पुढच्या फोनपर्यंत ती तळहाताएवढी झाली होती. इकडे फांदी वाळून खडखडीत झालेली.

"मग रविवारी येतोच बघायला!"

जावई फांदी घेऊन रोपवाटिकेत धावला. रोपवाल्याने नखाने साल खरवडली.

"गेली ही. पाणी कमी पडलं का?"

"नाही हो. रोज उपटून बघायचो."

रोपवाल्याने फांदी त्याच्या हातात परत दिली. "अंजीर संपलंय. पेरू चालेल?"

रविवारी सासू-सासरे आले. रात्रभर घोकलेला कबुलीजबाब जावयाने सुरू केला. "बाबा, त्या फांदीचं जरा असं झालं, की..."

सासरे केव्हाच गॅलरीत पोचले होते. "वा! दोन पानं! तळहाताएवढी! पण पुदिन्यात का लावलीत?"

जावयाने पुदिन्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "एकटी कोमेजते, बाबा," तो सावरून म्हणाला. "सोबत लागते तिला."

बायकोला ठसका लागला.

"मुळं धरलीत ना?" म्हणत सासऱ्यांनी फांदी पकडली आणि सर्रकन उपटली. खाली पांढरी, कोवळी मुळं लोंबत होती.

"अहो!" सासूबाई किंचाळल्या. "घरातल्या सगळ्या फांद्या अशाच मारल्यात तुम्ही! म्हणून तर ही तुमच्या हातून काढून यांना दिली!" त्यांनी फांदी हिसकावून पुन्हा लावली, दोघा पुरुषांना आत ढकललं आणि गॅलरीच्या दाराला कुलूप घातलं.

सासरा आणि जावई काचेला नाक लावून उभे राहिले.

"जावईबापू," सासरे हळूच म्हणाले, "मुळं जरा बारीक नाही वाटली?"

"मलाही तीच शंका आहे, बाबा. त्या दोघी चहाला बसल्या, की बघू."