बाबांना नावाचा टेकू

मी कुणाच्या बापाला भीत नाही! इटलीतल्या तारांतोच्या खाडीत वीस वर्षं काळ्या शिंपल्यांची शेती करतोय, वादळात होडी वल्हवलीय. म्हणून मुलगा झाला आणि माझी बायको लोरेदाना म्हणाली, "याचं नाव केव्हिन," तेव्हा मी छाती ठोकून म्हणालो, "केव्हिन तर केव्हिन! बाबांना मी सांगतो!"

सांगणं सोपं नव्हतं. आमच्याकडे पहिल्या नातवाला आजोबाचंच नाव ठेवतात. म्हाताऱ्याला तो टेकू. टेकू लागला की आणखी वीस वर्षं उभा राहतो, नाही लागला की कोसळतो. आणि बाबांचं नाव कताल्दो. समुद्रात अंगठी टाकून वादळ शमवणाऱ्या आमच्या संताचं!

"बाबा, बाळाचं नाव केव्हिन."

बाबा ब्याऐंशी वर्षांचे. त्यांनी डोळे मिटले. "हं."

"रागावलात?"

"छे."

त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

पुढचे तीन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत डोकावलो. पलंगावर काळा सूट. खाली चकचकीत बूट. आणि पलंगावर टोपी! अहो, मरणाऱ्याच्या उशाशी बसताना पाद्री आपली टोपी पलंगावर ठेवतो. जिवंत माणूस ही चूक आमच्याकडे स्वप्नातसुद्धा करत नाही! अपशकुन टळावा म्हणून मी खिडकीचा लोखंडी गज घट्ट धरला. एवढ्यात शेजारची अद्दोलोराता मावशी आली, तिने टोपी पाहिली आणि तीही त्याच गजाला चिकटली.

"मिम्मो, तुझा बाप तयारीला लागला रे!"

"उगाच काहीतरी!"

"उगाच? मग रोज सकाळी दफनभूमीत कशाला जातो? हवा खायला?"

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या मागोमाग गेलो. दमट वारा सुटला होता, पण झाडाचं पान हलत नव्हतं, हे मला तेव्हाही खटकलं. भिंतीत आमच्या घराण्याचे कप्पे आहेत. बाबांचे आजोबा आणि चार चुलतभाऊ: पाच कताल्दो, पाच फोटो, नाक एकच! सहावा कप्पा रिकामा, बाबांचा. बाबा पाठमोरे उभे राहून काहीतरी पुटपुटत होते. मग त्यांनी संगमरवराला कान लावला. ते ऐकत होते!

आणि कुणीतरी खो खो हसलं. बाबाच असणार, दुसरं तिथे होतंच कोण?

बाबांनी रिकाम्या कप्प्यावरची धूळ बाहीने पुसली, तेव्हा मी ठरवलं: केव्हिन गेला खड्ड्यात. मला माझा बाप हवा होता!

तसाच पळत नगरपालिकेत गेलो. जन्मनोंदीचा शेवटचाच दिवस होता.

"नाव?" कारकुनाने विचारलं.

"कताल्दो!" मी इतक्या जोरात ओरडलो की रांगेतले तिघं वळून "काय?" म्हणाले.

शिक्का पडला. धापा टाकत घरी आलो, तर दारात काळ्या सुटात बाबा!

"बाबा, जाऊ नका! कताल्दोच लिहून आलोय!"

"कुठे जाऊ नको?"

"वर!"

"वर कशाला? रविवारी बाप्तिस्मा आहे ना? सुटात पोट मावतंय का बघतोय." मग ते थबकले. "काय लिहून आलास म्हणालास?"

"कताल्दो."

"गाढवा!" बाबा मटकन खुर्चीत बसले. "चार दिवस दफनभूमीत जाऊन विनवण्या करतोय त्यांच्या! म्हटलं, आम्हाला एक हाक मारली की सहा जण वळायचे. या पोराला तरी त्याचं स्वतःचं नाव असू द्या. चौघं तयार झाले. माझे आजोबा तेवढे अडून बसले होते. ते आज हसले, तेव्हा सुटलो."

"बाबा, हसलात ते तुम्ही ना?"

"मी? दफनभूमीत कुणी हसतं का?"

मी दाराची लोखंडी कडी घट्ट धरली. मी कसाबसा म्हणालो, "मग... नाव बदलून आणू?"

"खबरदार!" बाबा ताडकन उठले. डोळे पुसले, खिडकी धाडकन उघडली आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "कताल्दो आला रे! माझा कताल्दो!" समोरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. टाळ्या, शिट्ट्या, कुणी तर पातेलंही बडवलं!

आतली अंगाई थांबली. लोरेदाना बाळाला घेऊन दारात आली.

"कोण आला म्हणतायत?"

"अगं, ऐक तर," मी म्हणालो. "संत कताल्दो मूळचे आयर्लंडचे. तुझं केव्हिन हे नावही तिकडचंच! म्हणजे बघ, घरातल्या घरातच..."

"आयर्लंडचे का?" ती गोड हसली. "मग तू आजच निघ तिकडे."

आयर्लंडला या दिवसांत थंडी कितपत असते, कुणाला काही कल्पना?