दिवाणखान्यातल्या वळीवरची स्वारी

घरातील थोरांचा हुकूम जाहला की, दिवाणखान्यातले कार्पेट बदलले त्याचे वर्तमान जो तो आपापल्या सोयीने सांगतो. यजमान सांगतात त्यात यजमानच शूर ठरतात आणि सूनबाई सांगतात त्यात यजमान कोठे दिसतच नाहीत. तरी जे घडले ते पदरचे तिखटमीठ न लाविता लिहोन ठेवावे. हुकूम शिरसावंद्य मानोन कलम हाती धरिले आहे. तिखटमीठ हातून पडलेच असेल तर चिमूटभर असेल, ते थोरांनी सांभाळोन घ्यावे.

तर यजमान म्हणजे विमा कचेरीतील दावे तपासणारे अंमलदार. कोणाचे दुकान जळाले, कोणाची गाडी ठोकली, म्हणोन अर्ज येत आणि त्यात खरे किती, थापा किती, हे यजमान पाहात. अवघी हयात संशय घेण्यात गेली, त्यामुळे भाजीवाल्याने आज माल ताजा आहे म्हटले तरी काल शिळा दिलात काय, ऐसे विचारीत. घरी त्यांच्या मातोश्री आणि त्यांचे कुटुंब, म्हणजे सूनबाई, ऐसा तिघांचा संसार होता.

आणि दिवाणखान्यात भिंतीपासोन भिंतीपर्यंत एक जुने कार्पेट अंमल करीत होते. त्याचा मूळचा रंग कोणता यावर घरात दोन पक्ष होते. टेबलापाशी रश्श्याचा डाग, खिडकीखाली इस्त्रीने जाळिलेला त्रिकोण, आणि मातोश्रींच्या खोलीच्या दाराबाहेर कार्पेट फुगोन आलेली एक वळी, हातभर लांब आणि बोटभर उंच. यजमान दरसाल ती वळी पाहात आणि पुढच्या वर्षी बघू म्हणोन ओलांडोन जात. मग एके सकाळी मातोश्रींच्या वॉकरचे चाक त्या वळीत अडकले आणि मातोश्री पडल्या. हाडे शाबूत राहिली, हिंमत मोडली.

ते दिवसापासोन मातोश्रींनी खोलीबाहेर पाऊल टाकिले नाही. चहा खोलीत, ताट खोलीत. पूर्वी संध्याकाळी बातम्या लागल्या म्हणजे मातोश्री दिवाणखान्यात बसोन बातम्या देणाऱ्यांची यथेच्छ हजेरी घेत, याचा कोट उसना आहे, त्याला रात्री झोप लागलेली नाही, ऐसे सांगत, आणि यजमान कचेरीचा शीण विसरोन हसत. आता बातम्या लागत आणि यजमान त्या मुकाट पाहात. वळी वेळीच काढिली असती तर, हे अंतरी फार सलत होते. तोंडाने बोलत नसत आणि बोलत नसत म्हणोन चिडचिड करीत. सूनबाई सारे समजोन होत्या आणि चिडचिड ऐकोन न ऐकिल्यासारखे करीत.

मग यजमानांनी स्वयंपाकघरात खलबत भरविले. ठरले ऐसे की, मातोश्रींस खोलीबाहेर आणावे हाच मोहिमेचा हेतू. त्यासाठी नवे कार्पेट घालावे, आणि घालणारी कंपनी पूर्ण इतबाराची पाहावी, कारण एकदा वळी काढोन दुसरी पदरात घेतली तर मातोश्री पुन्हा म्हणोन बाहेर येणार नाहीत. यजमानांनी मुलखातील तमाम कार्पेटवाल्यांची माहिती काढिली. लोकांनी इंटरनेटवर लिहिलेल्या तारिफा वाचिल्या आणि त्यावर तपासणीची नजर फिरविली. ज्याने पाच तारे दिले तो मालकाचा भाऊ, ज्याने एक तारा दिला तो मालकाचा शेजारी, ऐसा निवाडा केला. तेणेकरोन एकही साक्ष खरी उरली नाही आणि मोहीम जागच्या जागी बसली.

मग कंपन्यांचे वकील घरी येऊ लागले. प्रथम मोठ्या काचेच्या दुकानवाल्यांचा वकील आला, टाय बांधोन, नमुन्यांची जाडजूड पेटी घेवोन. त्याने कार्पेटाचे ऐसे वर्णन केले की, खुद्द कार्पेटानेही लाजावे. मागोमाग सवलतवाले आले. त्यांची सवलत आज संध्याकाळी संपत होती आणि उद्या सकाळी पुन्हा सुरू होत होती. शेवटी एका गॅरेजच्या मागल्या गल्लीतील साला-मेहुणा कंपनी आली. खरे नाव पाटीवर होते, परंतु ते कोणी वाचीत नसे. दोघे माप घेताना आपसात कडाकडा भांडत, एक टेप धरी, दुसरा तीच टेप चुकीची धरिली म्हणोन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी, त्याच घराण्याशी आपली सोयरीक आहे हे विसरोन. यजमानांनी त्यांस तात्काळ बाद केले.

नमुने मातोश्रींस दाखवावे म्हणोन सूनबाई पेटी घेवोन खोलीत गेल्या. मातोश्रींनी दोन-चार तुकड्यांवर हात फिरविला, पेटी बाजूस सारिली आणि फर्मान काढिले:

“नवं कार्पेट कुणाचंही छानच दिसतं गं. त्यांनी पाच वर्षांपूर्वी कुणाकडे घातलंय ते दाखवायला सांग. मी स्वतः चालून बघते.”

हे ऐकोन दारात उभे यजमान थक्क जाहले. जी माउली दिवाणखान्यात येईना ती परमुलखी स्वारीस निघणार! ते काही शंका काढणार इतक्यात सूनबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला आणि शंका जागीच दाबली.

स्वारीचे दिवशी वळीचा बंदोबस्त ऐसा केला की, एका टोकास यजमान आणि दुसऱ्या टोकास सूनबाई उभ्या राहिल्या, आणि दोघांच्या वजनाने वळी सपाट जाहली. त्यामधून मातोश्री वॉकर घेवोन निघाल्या आणि वळी ओलांडिताच एक हात लेकाच्या खांद्यावर ठेविला. दारापर्यंत पोचल्या तेव्हा यजमानांच्या कपाळी मातोश्रींहून अधिक घाम होता.

काचेच्या दुकानवाल्यांनी जुन्या गिऱ्हाइकांची घरे दाखवीत नाही ऐसा लेखी खलिता दिला, सबब ते कटले. सवलतवाल्यांनी एक घर सांगितले. तेथे कार्पेटावर ठिकठिकाणी लाटा उठल्या होत्या आणि घरधनी म्हणाले की, ताणोन न बसविता नुसते अंथरोन गेले, आता फोन उचलीत नाहीत. मातोश्रींनी वॉकर उंबऱ्यातच थांबविला आणि तोंड फिरविले. उरली ती बाद केलेली साला-मेहुणा कंपनी. त्यांस विचारिले तेव्हा दोघे आयुष्यात प्रथमच एकमताने बोलले आणि एकच पत्ता सांगितला.

ते घर निवृत्त टेलिफोनबाईंचे, जन्मभर लोकांचे फोन जोडोन दिलेल्या. बाई एकट्या राहात. उमर मातोश्रींएवढी, आवाज अद्याप दोन शहरांत ऐकू जाईल ऐसा. कार्पेट जुने परंतु पाण्यासारखे सपाट. मातोश्री एका भिंतीपासोन दुसरीपर्यंत चालल्या, वळल्या, पुन्हा चालल्या, आणि तिसऱ्या फेरीस खांद्यावरचा हात काढोन घेतला. मग टेबलापाशी थबकल्या, कारण तेथे दोन वृद्ध मैत्रिणी पत्ते पिसोन बसल्या होत्या आणि चौथा भिडू नव्हता.

यजमानांस मात्र घरी आल्यावर संशयाने घेरिले. ही बाई कंपनीचीच फितूर नसेल कशावरोन? चहा इतक्या अगत्याने पाजते ती काही लपविते, हे कचेरीतील अनुभवाचे बोल. मातोश्रींनी गंभीर चेहरा केला आणि शंका रास्त आहे म्हणाल्या. आपण एकटीने जावोन बाईंचा थांग काढू, ऐसेही सांगितले. मग मातोश्री जासूद होवोन गेल्या आणि अंधार पडल्यावर आल्या. विचारिले तर म्हणाल्या, अजून खात्री पटत नाही. पुन्हा गेल्या. पुन्हा पटली नाही. दर खेपेस दोघांनी वळीवर उभे राहावे आणि मातोश्रींनी मधून जावे. यजमान सूनबाईंस सांगत की, तपासणीची ही नजर आपल्याकडे कोठोन आली ते आज कळले. सूनबाई पदरात हसू दाबीत आणि होकार देत.

अखेर मातोश्रींनी निकाल दिला की, बाई सच्ची, कार्पेट सच्चे, साला-मेहुण्यांस काम द्यावे. ते दोघे आले. जुने कार्पेट उपटिले, गुंडाळिले, लिफ्टात शिरेना म्हणोन भांडत भांडत जिन्यावरोन खाली नेले. भिंतीकडेने खिळ्यांच्या पट्ट्या ठोकिल्या, स्पंजाचे अस्तर घातले, आणि नवे कार्पेट गुडघ्याने रेटोन ऐसे ताणिले की, दाराबाहेर जेथे वळी नांदत होती तेथे बोट फिरविले तरी काही लागेना. यजमान पोटावर पालथे पडोन, गाल जमिनीस लावोन तपासते जाहले. आयुष्यात पहिल्यानेच एकही हरकत निघाली नाही.

मग संध्याकाळ जाहली. यजमानांनी बातम्या लाविल्या, आवाज मातोश्रींस ऐकू जाईल इतका वाढविला, आणि दाराकडे डोळे लावोन बसले. दार उघडले. मातोश्री नवे पातळ नेसोन, केस नीट विंचरोन निघाल्या. कोणाचा खांदा मागितला नाही. वॉकर सरळ चालला, पूर्वीच्या वळीवरोन गेला, मातोश्री क्षणभर तेथे थांबल्या आणि पुढे जाहल्या. यजमानांनी उठोन बसावयास जागा दिली. मातोश्री त्या जागेवरोन, बातम्यांवरोन आणि यजमानांवरोन पुढे गेल्या, त्या थेट बाहेरच्या दारी. खाली टेलिफोनबाईंच्या गाडीचा भोंगा वाजत होता.

“झकास झालंय रे कार्पेट,” मातोश्री खुंटीवरचा कोट चढवोन चपला सरकवीत म्हणाल्या. “जेवायला थांबू नका माझ्यासाठी. आज डाव मोठा आहे.”

दार लागले. बातम्या देणारा काही सांगत होता. यजमानांस वाईट वाटले, हे लेखक लपवीत नाही, फार वाटले. मग खिडकीशी जावोन पाहिले तर मातोश्री गाडीत बसताना वॉकर कोठे ठेवावा यावरोन टेलिफोनबाईंस दटावीत होत्या आणि खदखदा हसत होत्या. तेव्हा यजमानांसही हसू आले, आणि डोळे पुसोन ते सूनबाईंस म्हणाले, “आईचा कोट पाहिलास? तुझा आहे तो.”

येणेप्रमाणे स्वारी फत्ते जाहली. मातोश्रींस खोलीबाहेर आणावे हा हेतू पूर्ण तडीस गेला. बाहेर म्हणजे कोठवर, याचा ठराव खलबतात जाहला नव्हता, सबब त्याविषयी यजमानांची तक्रार दाखल करोन घेता येत नाही. ते संध्याकाळी दोघांनीच जेवण केले, आणि मातोश्रींचे ताट झाकोन ठेविले.