करंगळी खाली

खांबेटे काका आरतीचं तबक एकाच हातात धरतात. डावा हात खिशात, उजवा सरळ पुढे ताणलेला, एक डोळा मिटलेला आणि तबकाच्या कडेखाली करंगळी दुमडलेली. गणपतीवर नेम धरणारा माणूस मी फक्त इथे, अमेरिकेत, अल्फारेटात पाहिला.

आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या नव्या लोकांना वाटतं, काकांच्या डाव्या हाताला काहीतरी झालंय. काही झालेलं नाही. हात ठणठणीत आहे, काकांनी त्याला सक्तीची रजा दिली आहे.

काका मूळचे सांगलीचे. जन्मभर पंपांची डिझाइनं केली, आता निवृत्त आहेत आणि माझे सख्खे शेजारी आहेत. बायको गेल्यावर माणसं देवाला लागतात, नाहीतर बागेला. काकू गेल्यावर काकांनी रिव्हॉल्व्हर आणलं. तेही जुन्या धाटणीचं, काउबॉयच्या काळातलं. प्रत्येक गोळीआधी अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा, मग चाप दाबायचा. सगळ्या गोळ्या झाडून होईपर्यंत चोर जेवून, हात धुऊन घरी जाईल. पण काकांना चोराशी कर्तव्यच नव्हतं. त्यांना एका हाताची पकड सुधारायची होती.

"दोन हातांनी धरायला ते काय स्टीअरिंग आहे?" काका विचारतात. "हे बघ. गोळी सुटली की रिव्हॉल्व्हरची मूठ हातात जरा वर फिरते. सगळे गाढव तिथंच घाबरून आवळतात. आवळायचं नाही, फिरू द्यायचं. घोडा आपोआप अंगठ्याखाली येतो. करंगळी खाली दुमडलेली असली की निसटत नाही. पकडायचं, पण आवळायचं नाही. कळलं?"

मी फक्त कोथिंबीर मागायला गेले होते.

पकड सुधारण्यासाठी काका सकाळी दुधाचा गॅलनभराचा कॅन हात लांब करून धरून उभे राहतात. टपालानं येणारी जाहिरातीची पानं एका मुठीत चुरगाळतात. त्यांच्या गराजमध्ये त्या बोळ्यांचा ढीग असतो. मंडळातल्या बायका याबाबतीत व्यवहारी निघाल्या. कार्यक्रम असला की पुऱ्यांची कणीक काकांकडे. काका ती एका हातानं तिंबतात आणि वर आम्हांलाच शिकवतात. "करंगळी खाली. लाटणंसुद्धा असंच धरावं." लाटणं एका हातानं धरून पुरी कशी लाटायची, हे विचारलं की त्यांना कमी ऐकू येतं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पण डेन्व्हरला त्यांची मुलगी आहे, रेवा. एकुलती एक. तिनं फोनवर स्पष्ट सांगितलं, "बाबा, आय ॲम नॉट ब्रिंगिंग आरव टू अ हाउस विथ अ गन." आरव म्हणजे नातू. काकांनी त्याला रांगताना पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

हे आम्हांला ठाऊक, कारण काका स्वतःच मंडळाच्या प्रत्येक पॉटलकला, म्हणजे घरटी एकेक पदार्थ आणून जेवायच्या कार्यक्रमाला, सांगतात. "मी म्हटलं, माझा राइट आहे. यायचं तर ये." सांगून झालं की भजी खातात, एका हातानं. बायका कपाळाला हात लावतात. मला तर त्यांचा मनस्वी राग यायचा. नातवापेक्षा लोखंड प्यारं असलेल्या म्हाताऱ्याचं कौतुक किती करायचं? एकदा तोंडावर म्हटलंही, "काका, तुम्ही हट्टी नाही, दुष्ट आहात." काका म्हणाले, "असेन," आणि कचऱ्याचा डबा एका हातानं ओढत निघून गेले.

या वर्षी त्यांच्या बेसमेंटमधला वॉटर हीटर फुटला. काकांनी हाक मारली म्हणून मी धावले. कार्पेटवर पाणी चढत होतं आणि कोपऱ्यात जमिनीवर एक छोटी तिजोरी होती, काका रिव्हॉल्व्हर ठेवायचे ती.

"मी हिला हात लावणार नाही," मी म्हटलं. "आधी ते बाहेर काढा."

"काही होत नाही, उचल."

"काका, काढा म्हटलं ना."

पाणी माझ्या चपलांपर्यंत आलं होतं.  काका वाकले आणि त्यांनी तिजोरी उघडली. आत स्टीलचा एक डबा होता. त्यात बेसनाचे लाडू.

"मुंग्या लागत नाहीत," काका म्हणाले.

"रिव्हॉल्व्हर कुठंय?"

"विकलं. तिचा फोन आला, त्याच आठवड्यात."

"मग रेवाला सांगा ना."

"तेव्हाच सांगितलं. 'गुड, बाबा' म्हणाली." काका डबा पुसत राहिले. "मग त्याची शाळा होती. मग सॉकर. मग तिचं ऑफिस. बिझी आहे गं ती."

 एवढी वर्षं आम्ही ज्या माणसाला नावं ठेवत होतो, त्याच्या घरात नावं ठेवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"पण काका, मग आम्हांला का सांगत राहिलात?"

"गन आहे म्हटलं की लोक मला मूर्ख म्हणतात. म्हणू देत," ते म्हणाले. "नाही म्हटलं, तर तिच्याबद्दल बोलतील."

आम्ही तिजोरी उचलून वर आणली. काही वजन नव्हतं तिला.

पुढच्या पॉटलकला काका आमटी वाढत होते, अर्थातच डावा हात खिशात घालून. मी वाटी घेऊन समोर उभी होते. मागून कोणीतरी विचारलं, "काय काका, विकलं की नाही अजून? मुलगी येईल की हो."

काकांनी पळी थांबवली.

"ते कसले विकतात," मी मोठ्यानं म्हटलं. "नातू नको, पण लोखंड हवं. इतका हट्टी माणूस मी जन्मात पाहिला नाही."

सगळे चुकचुकले. बोलून झालं आणि मी हातातली वाटी घट्ट आवळून धरली. काकांनी डावा हात खिशातून बाहेर काढला, वाटीखाली धरला आणि आमटी वाढली.

"करंगळी खाली," ते म्हणाले.