काचेतली झोप

गाद्यांच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाला झोप येत नाही, ही काही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. म्हणून समजारावांनी ती कुणालाच सांगितली नव्हती. समजाराव हे त्यांचं खरं नाव नव्हतं. त्यांचं प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू होई आणि 'तर'वर येऊन लटके, म्हणून दुकानातल्या लोकांनी हे नाव पाडलं होतं. समजा, पंखा पडला तर? समजा, गिऱ्हाईक गादी घेऊन परत आलं तर? रात्री दिवा मालवला की दिवसभर ताटकळत थांबलेले हे सगळे 'समजा' एकेक करून खोलीत येत आणि पलंगाच्या कडेला बसून राहत.

शेजारी बायको पाठमोरी झोपलेली असे. शांत, एका लयीत श्वास. समजारावांना तिचा हेवा वाटे. कूस बदलतानासुद्धा ते पलंगाची करकर होऊ नये म्हणून जपत. सकाळी ती म्हणे, "रात्री पाणी प्यायलात, पण तांब्यावर झाकण ठेवायचं विसरलात." हे तिला कसं कळलं, हा एक प्रश्न सोडून जगातले बाकी सगळे प्रश्न त्यांना पडत.

एका दुपारी एका गिऱ्हाइकाने तक्रार केली, की शोकेसमधल्या गादीला मधोमध उंचवटा आहे. मालकीणबाई म्हणाल्या, "समजाराव, बघा जरा पडून."

समजारावांनी चपला काढल्या आणि ते काचेमागच्या त्या पलंगावर आडवे झाले. कामाची वेळ, समोर मालकीणबाई, काचेपलीकडे वाहता रस्ता. अशा ठिकाणी झोपायचा प्रश्नच नव्हता. उंचवटा पाठीला लागतो का, हे ते लक्ष देऊन तपासत होते. काचेतून आलेलं ऊन पोटावर पांघरुणासारखं पसरलं होतं, आणि उंचवटा काही सापडत नव्हता.

ते जागे झाले तेव्हा काचेला नाकं लावून बरीच माणसं उभी होती. पायाशी मालकीणबाई होत्या. 'समजा, मला काढून टाकलं तर' हे वाक्य समजारावांच्या ओठांवर आलं होतं, पण बाई हसत होत्या, आणि असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

"तुम्ही घोरत होतात आणि लोक आत येऊन हीच गादी मागत होते," बाई म्हणाल्या. "उद्यापासून रोज दुपारी इथे झोपायचं."

"पण बाई, काम?"

"हेच काम."

झालं. दुसऱ्या दिवशी समजाराव नव्या पायजम्यात, नवं पांघरूण घेऊन, नव्या उशीवर डोकं ठेवून आडवे झाले आणि टक्क जागे राहिले. झोप हीच नोकरी म्हटल्यावर ती कशाला येतेय? त्यांनी डोळे मिटून घेतले. काचेबाहेरचं बोलणं त्यांना अंधुक ऐकू येत होतं, पाण्याखालून ऐकल्यासारखं.

"किती शांत झोपलाय बिचारा," कुणीतरी म्हणालं.

"कसला झोपतोय," हातात भाजीची पिशवी घेतलेल्या एका आजीबाई म्हणाल्या. "झोपलेल्या माणसाचा जबडा सैल पडतो. याने दातओठ आवळलेत. मी चार पोरं वाढवली, मला सोंग कळतं."

आजीबाई रोज भाजी घेऊन त्याच रस्त्याने जात आणि रोज थांबून हेच सांगत. आठवड्याभरात एक गिऱ्हाईक गादी परत घेऊन आलं. "तुमच्याच माणसाला हिच्यावर झोप येत नाही म्हणे," ते म्हणालं. मालकीणबाईंचं हसू मावळलं.

"शुक्रवारी हॉटेलवाले साहेब येणार आहेत," त्या समजारावांना म्हणाल्या. "सगळ्या खोल्यांच्या गाद्या बदलायच्यात त्यांना. तुम्हाला झोपलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघणार आणि मगच ऑर्डर देणार. शुक्रवारी झोप लागली नाही, तर शनिवारी यायची तसदी घेऊ नका."

 घरी जाऊन समजारावांनी झोपेचा सराव सुरू केला. गरम दूध झालं, कोमट पाण्यात पाय बुडवून झाले, उशी पायथ्याशी नेऊन झाली. झोप जवळ येई आणि हा माणूस तिची वाट बघतोय हे पाहून माघारी फिरे. शेवटी बायकोने आपल्या धाकट्या बहिणीला बोलावलं. ती मनाच्या दुखण्यांची डॉक्टर होती, त्यामुळे आजवर समजाराव तिच्याशी फक्त हवापाण्याचं बोलत.

"भावजी, पहिल्या दिवशी झोप कशी लागली?" धाकटीने विचारलं.

"तेव्हा झोपायचं नव्हतं ना."

"मग शुक्रवारीही झोपायचं नाही. डोळे मिटायचे आणि जागं राहायचं."

"अगं, नोकरी जाईल."

"जाईल. मग?"

"मग म्हणजे?"

"तुम्ही 'तर'पाशी येऊन थांबता. अंधाऱ्या जिन्यात अर्ध्यावर उभं राहिलं तर भीती वाटणारच. खाली उतरून तर बघा. नोकरी गेली. मग?"

समजारावांना आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. "मग दुसरी बघावी लागेल."

"मग?"

"पलंगांच्या दुकानात विचारेन. ते मागे बोलावत होते."

"मग?"

"मग काय, पलंग विकेन." समजाराव थबकले. हा जिना एवढ्यात संपला, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. "फक्त पलंग फार जड असतात गं."

"काळजीला हाकलायला जाऊ नका," धाकटी म्हणाली. "तिचा हात धरायचा आणि तिला शेवटपर्यंत पोचवून यायचं."

"एवढं सांगायला इतकी वर्षं शिकलीस?" बायको म्हणाली, पण तिने बहिणीच्या हातावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

शुक्रवारी समजाराव जागं राहण्यासाठी आडवे झाले. बायकोही आली होती. ती पायाशी एका स्टुलावर बसली. समजारावांनी डोळे मिटले आणि पहिल्या काळजीचा हात धरला. समजा, साहेब चिडले तर? मग ते जातील. मग? मग ऊन काचेवरून सरकेल. मग? मग गादी पलंगावरून अलगद सुटेल. ती सुटलीच. काचेतून पाण्यासारखी पार झाली आणि रस्त्यावरून तरंगत निघाली. खाली आजीबाईंच्या पिशवीतली पालेभाजी वाऱ्यावर डुलत होती. पलंगांच्या दुकानाच्या दारातून मालकाने हात केला. समजारावांनीही हात केला. आता जागं राहिलं पाहिजे, असं त्यांना वाटलं, पण ते दुसऱ्याच कुणाला तरी वाटत असावं, तसं.

डोळे उघडले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. मालकीणबाई ओठांवर बोट ठेवून उभ्या होत्या. शेजारच्या पलंगावर चकचकीत बुटांसकट एक जाडजूड गृहस्थ छताकडे बघत पडले होते.

"तुम्हाला झोपलेलं बघून राहवलं नाही हो," हॉटेलवाले साहेब म्हणाले. "म्हटलं आपणही पडावं. मला काही झोप लागत नाही. गादी तीच ना?"

"गादी तीच आहे साहेब, आणि चांगली आहे," समजाराव म्हणाले. "पण झोप काही ती देत नाही."

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"मला रात्रीही येत नाही," साहेब हळूच म्हणाले. "सारखं वाटतं, समजा, नवं हॉटेल चाललंच नाही तर?"

समजाराव कोपर टेकून अर्धवट उठले. इतक्या मायेने त्यांनी आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाकडे पाहिलं नव्हतं. "मग?" त्यांनी विचारलं.

"मग विकावं लागेल."

"मग?"

"मग गावाबाहेर छोटंसं घर घेऊ."

"मग?"

"मग..." साहेब म्हणाले. त्यापुढे बराच वेळ काही आलं नाही, आणि जे आलं ते घोरणं होतं.

आता ही गंमत बायकोला सांगावी म्हणून समजाराव वळले. स्टुलावर बसल्या बसल्या, गादीच्या कडेला डोकं टेकून ती झोपली होती. तोंड किंचित उघडं, जबडा सैल, श्वास मध्येच अडखळणारा, बारीकशी शिट्टी वाजवणारा. ही झोप समजारावांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांना माहीत असलेली तिची पाठमोरी झोप फार नीटनेटकी होती. पलंगाची करकर, तांब्याचं झाकण, सगळं त्यांना एकदम आठवलं. म्हणजे ती जागीच असे. इतकी वर्षं ती रोज रात्री त्यांच्यासाठी काचेत झोपत होती.

बाहेर आजीबाई थांबल्या होत्या. त्यांनी एकेकाकडे नीट निरखून पाहिलं आणि त्या मान डोलावून पुढे गेल्या.

"समजाराव," मालकीणबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "समजा, साहेब ऑर्डर न देताच गेले तर?"

"हळू बोला, बाई," समजाराव म्हणाले आणि आपलं पांघरूण बायकोच्या खांद्यावर घालायला उठले.