भाव पडायची वाट पाहणारे गजभिये बाबू

लग्नाच्या पंगतीत माणूस बसला की पानाकडे बघतो. गजभिये बाबू वाढप्यांकडे बघायचे. आमच्या ऑफिसातल्या शिपायाच्या मुलीचं लग्न होतं, तेव्हाची गोष्ट. बाबू वरणाची वाट बघत बसले होते, ते अचानक उठले आणि हात न धुताच मुलीच्या मामाकडे गेले.

"मामाजी, तुमच्या इथं बॉटलनेक होऊन राहिला," ते म्हणाले.

मामाला एवढंच ऐकू आलं, बॉटल. त्याचा चेहरा लाल झाला. "आमच्या मांडवात बॉटल कोनं आनली? नाव सांगा."

बाबू शांतपणे समजावू लागले. जिलेबी वाढायला तिघं, भाजीला दोघं, आणि भाताला एकच म्हातारा, तोही गुडघे धरून चालणारा. बाकीचे कितीही पळाले तरी पंगत त्या म्हाताऱ्याच्याच वेगानं पुढं सरकणार. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "हे प्यायले आहेत का?"

बाबू पीत नव्हते. चहासुद्धा अर्धा कप घ्यायचे. त्यांना नाद एकच, आणि तो ऐकून पवनीच्या पंचायत समितीत पहिल्यांदा कोणाचाच विश्वास बसत नव्हता. पन्नाशी ओलांडलेला, पगारबिलं बनवणारा, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवणारा हा माणूस गेमिंग कम्प्युटर बनवणार होता. तयार घेणार नव्हता, एकेक पार्ट निवडून जोडणार होता, आणि तेही बजेटमध्ये. प्रोसेसर अशक्त आणि ग्राफिक्स कार्ड तगडं असलं, तर कार्ड नुसतं ताटकळत बसतं. त्याला बॉटलनेक म्हणतात, हे त्यांनी कुठल्याशा हिंदी व्हिडिओत ऐकलं. तेव्हापासून त्यांना जगात जिकडेतिकडे तेच दिसायला लागलं. साहेबांची सही बॉटलनेक, बसस्टँडवरची एकच तिकीट खिडकी बॉटलनेक.

माझं टेबल त्यांच्या शेजारी, आणि घरही त्यांच्याच ओळीत. त्यामुळे हा कम्प्युटर कागदावर जन्मल्यापासून मी बघत आलो. रोज दुपारी डबा उघडला की त्यात काहीतरी बदल झालेला असायचा. "लांजेवार भाऊ, काल मी रॅम वाढवली." मी विचारायचो, घेतली का? "नाई जी. प्लॅनमधी वाढवली." दुसऱ्या दिवशी ती कमी व्हायची, कारण वाचलेल्या पैशांत प्रोसेसर एक पायरी वर जात होता. प्रोसेसर वर गेला की बोर्ड बदलायचा, बोर्ड बदलला की डबा बदलायचा. डबा म्हणजे कॅबिनेट. त्यात हवा पुढून येऊन मागून गेली पाहिजे, म्हणून बाबू हवेच्या मागे लागले. आमच्या घरी आले तर खुर्चीवर बसायच्या आधी फ्रीजच्या मागे हात घालून बघायचे. "वहिनी, चार बोटं पुढं घ्या याले. गुदमरून राहिला बिचारा." माझ्या बायकोनं घेतला पुढं. तेव्हापासून ती त्यांना हुशार समजते.

एवढं सगळं ठरलं तरी ते घेत का नव्हते? त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "थांबा जरा. पुढच्या महिन्यात भाव पडते." नवीन कार्ड येणार, मग जुनं उतरणार. ते उतरलं की दिवाळीची सूट येणार. दिवाळी आली की त्याहून नवीन कार्डाची बातमी यायची.

एकदा मी त्यांच्याबरोबर नागपूरला गेलो. सीताबर्डीच्या एका दुकानात शिरताच काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, आज लेना है के देखना है?"

"देखना है."

"पिछली बार भी देखा था."

"तब दूसरा देखा था," बाबू म्हणाले आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

त्या दिवशी मात्र सूट होती म्हणून त्यांनी चक्क एक वस्तू घेतली. एसएमपीएस, म्हणजे आतल्या पार्टांना वीज पुरवणारा लोखंडी डबा. परतीच्या एसटीत तो त्यांनी मांडीवर धरला होता. घरी तो खोक्यासकट शोकेसमध्ये गेला. बाबूंच्या बायकोनं, निर्मलावहिनींनी, त्याच्यावर विणलेला रुमाल घातला, रुमालावर प्लास्टिकची फुलं ठेवली. त्याची वॉरंटी तिथंच फुलांखाली संपली.

बाबूंना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे ऑफिसात चेष्टा व्हायची. कोणी विचारायचं, "बाबू, खेळणार कोण? तुम्ही बंदुका चालवणार का?" ते वर न बघता म्हणायचे, "खेळणारा आहे." आम्हाला वाटायचं, स्वतःचा नाद कबूल करायला लाजतात.

मग लॉकडाऊन आला. टाळं उघडल्यावर बाबू ऑफिसात आले ते तोंड पाडूनच. ग्राफिक्स कार्डाचे भाव पडायच्या ऐवजी दुपटीवर गेले होते, आणि तरीही मिळत नव्हते. ज्या कार्डाला त्यांनी महाग म्हणून सोडलं होतं, ते आता वापरलेलं घ्यायचं तरी जास्त पडत होतं. "असं होत नसते भाऊ," ते म्हणत राहिले. "वस्तू जुनी झाली का उतरते. उतरलीच पायजे."

त्याच सुमारास मला निर्मलावहिनींचं वागणं वेगळं दिसायला लागलं. तांदूळ निवडायला त्या आमच्या अंगणात यायच्या, ते बंद झालं. एकदा समोरून आलो तर त्यांनी मला ओळखलं नाही. मी बोललो तेव्हा आवाजावरून वळल्या. साखरेचा आजार जुना होता. तो डोळ्यांच्या पडद्यात उतरला होता. नागपूरला डोळ्यांत इंजेक्शनं झाली, लेझर झालं. बाबू रजा टाकून नेत होते, आणत होते. डब्याच्या वेळी कम्प्युटरचा विषय निघेनासा झाला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की उजेड आणि अंधार एवढं कळत राहील. बाकी आशा धरू नका.

त्या आठवड्यात एका दुपारी बाबूंनी डबा उघडला आणि तसाच ठेवला.

"तो कम्प्युटर तिच्यासाठी होता," ते म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. फार पूर्वी वहिनी नागपूरला भाचीकडे गेल्या होत्या. भाचीच्या पोराकडे ट्रक चालवायचा गेम होता, समोर छोटं स्टिअरिंग लावलेलं. पोरानं गंमत म्हणून आत्याआजीला बसवलं. वहिनींनी जन्मात सायकल चालवली नव्हती, पण त्या ट्रकवर अशा बसल्या की उठेचनात. समोरून गाडी आली की हॉर्न, सिग्नल लाल झाला की थांबायचं, मागची गाडी कितीही वाजवो. पोरगं हसून लोळत होतं. घरी येताना एसटीत त्या ड्रायव्हरकडे बघत म्हणाल्या, "अजी, मले शिकवलं असतं ना कोनी, तर म्या चालवली असती बरं."

"इतकी खूश मी तिले कधी पायली नव्हती," बाबू म्हणाले. "मंग ठरवलं, तिले घेऊन द्याचा."

"मग घेतला का नाही?"

"चांगला घ्यावा म्हटलं. तिथं पोराचा कम्प्युटर मधीमधी अटके. ती घाबरून जाये, आपल्याच हातून बिघडला म्हणे. आपल्या घरी तिची गाडी अटकू नये, एवढंच." त्यांनी चष्मा काढला आणि दोरी बोटाला गुंडाळत बसले. "साधा घेतला असता तरी चाललं असतं. अटकत-अटकत का होईना, दोन-तीन वर्षं चालवली असती तिनं. मी काहून थांबलो, भाऊ?"

मी डबा त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी झाकण लावून टाकलं.

नंतरच्या दिवाळीत ते एकटेच नागपूरला जाऊन आले, हे मला उशिरा कळलं. भाव अजून उतरायचे होते. त्यांनी ते विचारलेही नसावेत, कारण सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी खोकी घेऊन परत आला होता. ऑफिसात त्यांनी एक अक्षर काढलं नाही.

एका रविवारी दुपारी बायकोनं त्यांच्याकडे अळूच्या वड्या पाठवल्या. मी फाटक उघडलं तर आतून ट्रकचा हॉर्न आला. दार अर्धं उघडं होतं. टेबलापुढे वहिनी बसल्या होत्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर. बाबू शेजारी स्टुलावर, पायाखाली पेडल आणि नजर पडद्यावर. पडद्यावर कुठल्यातरी परदेशातला रुंद रस्ता होता, दोन्हीकडे उंच सूचिपर्णी झाडं आणि बर्फ पडत होता.

"भंडारा सुटला," बाबू सांगत होते. "आता कारध्याचा पूल. सरळ धर. जराशी उजवीकडं. बस."

"कारध्याचा पूल इतका मोकळा कसा जी आज?"

"रविवार आहे ना."

वहिनी हसल्या. तरी त्यांनी पुलावर हॉर्न दिला. आमच्या भंडारा-पवनी रस्त्यावरचं पहेला गेलं, अड्याळ गेलं. बाबू प्रत्येक गावातलं काही ना काही सांगत होते. कोणाच्या दुकानापुढं गर्दी आहे, कुठं रस्त्यावर धान वाळत घातलं आहे. बर्फाबद्दल ते काही बोलले नाहीत.

"आता माझ्या माहेरचा फाटा येईल," वहिनी म्हणाल्या. "चिंच दिसते का?"

त्यांचं माहेर गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, त्याला कैक वर्षं झाली. माणसं पुनर्वसनाच्या कॉलनीत गेली, काही तिकडेच वारली. तो फाटा अजून आहे, पण थोडं पुढं गेलं की रस्ता सरळ पाण्यात उतरतो. पवनीत हे सगळ्यांना माहीत आहे. वहिनींना तर माहीतच आहे.

बाबू पडद्याकडे बघत होते. "दिसते," ते म्हणाले.

"मंग वळवू का?"

"वळव. सावकाश. अजून थोडी."

ट्रक हायवे सोडून गवतात शिरला, एका कुंपणाला टेकून उभा राहिला. इंजिन घरघरत होतं.

"आलं का जी?"

"आलं." बाबूंनी वहिनींच्या हातावर हात ठेवला. "उतराचं का?"

वहिनींनी मान हलवली. "नको. गाडी बंद नोका करू. बसू असंच घडीभर."

मी वड्यांची ताटली उंबऱ्याच्या आत ठेवली आणि फाटक न वाजवता लावून घेतलं.