क्योटो आणि ओसाकाच्या मध्ये

जुळे सोलापुरातल्या ‘सिद्धकृपा’ अपार्टमेंटची लिफ्ट सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी टोकियोहून सुटणार होती. टोकियो म्हणजे तिसरा मजला. दुसरा मजला नागोया, पहिला क्योटो आणि तळमजला ओसाका, अशी नावं प्रभुलिंगनं आदल्या दिवशीच देऊन टाकली होती. तळमजल्यावर स्टुलावर बसून तंबाखू मळणाऱ्या वॉचमन ज्ञानबाला आपण ओसाकात बसतो याची कल्पना नव्हती.

एवढ्या तयारीला कारण होतं. प्रभुलिंगचा मुलगा विरेश ओसाकाला नोकरीला होता आणि तीन महिन्यांपूर्वी त्याला मुलगी झाली होती. विमानानं टोकियोला उतरायचं आणि तिथून बुलेट ट्रेननं ओसाका गाठायचं, असं ठरलं. पतसंस्थेतून रिटायर झालेल्या प्रभुलिंगनं मग महिनाभर एकच उद्योग केला. जपान पाहून आलेल्या परदेशी पर्यटकांचे व्हिडिओ पाहिले. तिथल्या गाड्या कशा मिनिटाला सुटतात, माणसं कशी रांगेत उभी राहतात, डब्यात कसं कुणी कुणाशी बोलत नाही, हे पाहून ते पर्यटक जेवढे थक्क होत, त्याच्या दुप्पट हा सोफ्यावर बसून होई. नोकरीच्या बत्तीस वर्षांत जो माणूस साडेअकराच्या आत ऑफिसात दिसला नाही, तो आता चहा दोन मिनिटं उशिरा आला तरी बायकोकडे खुलासा मागू लागला.

“तिथं एकदा गाडी वीस सेकंद आधी सुटली, तर कंपनीनं जाहीर माफी मागितली. ठाऊक आहे?”

“तुम्ही बत्तीस वर्षं रोज चार वाजता ऑफिसातनं सुटत होता,” शिवलीला म्हणाली. “त्याची मागितली का कुणी?”

पण खरी अडचण शिवलीला नव्हतीच. अडचण होती अव्वा. प्रभुलिंगची आई निंगव्वा, वय त्र्याहत्तर, दात बत्तीसच्या बत्तीस, आणि आवाज असा की शेतातून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातली माणसं ओ देत. पणतीसाठी तिनं जुन्या इरकली लुगड्यांचं दुपटं शिवलं होतं आणि ते स्वतःच्या हातानं तिच्या अंगावर घालायचं, हे तिचं ठरलेलं होतं.

“अव्वा, तुला नाही जमायचं,” प्रभुलिंग म्हणाला. “गाडी स्टेशनात मिनिटभर थांबते. डब्यात कुणी चकार शब्द काढत नाही. आणि तू मोडनिंबला एसटीत चढलीस, की टेंभुर्णी यायच्या आत अख्ख्या गाडीची सोयरीक काढतेस.”

“मग? दोन लग्नं जमली की त्यातनं!”

“तिथं नाही चालत.”

“न्हाय बोलणार मी. माजी परीक्षा घे.”

“घेतो. लिफ्टमध्येच घेतो. बोललीस तर घरी राहायचं.”

“आन् तू बोललास तर?”

“मी कशाला बोलतोय?”

“तर मंग तू ऱ्हा घरी. ठरलं?”

“ठरलं!” हे मात्र शिवलीला म्हणाली, आणि जरा घाईनंच म्हणाली.

“खायला चालतंय न्हवं?” अव्वानं विचारलं.

प्रभुलिंगनं एक व्हिडिओ आठवून पाहिला. “लांबच्या गाडीत चालतं.”

सोसायटीची लिफ्ट नवी होती. दार आपोआप उघडे, मनात दहा मोजेपर्यंत आपोआप मिटे, आणि मध्ये कोण आलं याची तिला फारशी पर्वा नसे. जपानचा सराव करायला याहून चांगलं साधन जुळे सोलापुरात नव्हतं.

ठीक सात दहाला मायलेक आत शिरले. जपानी माणसांसारखी दोघांनी पिशवी छातीशी धरली होती. प्रभुलिंगनं फोन बंद करून बायकोच्या हवाली केला होता. नागोयाला दार उघडलं. समोर देवयानी जोशी, हातात दुधाची पिशवी.

“काय आजी, सकाळी सकाळी कुठं?”

अव्वानं ओठ मिटून समोर पाहिलं. प्रभुलिंग बाजूला सरकला आणि कमरेतून वाकला. काहीही न बोलता शेजारी एवढा वाकतोय म्हटल्यावर देवयानी दचकली आणि जिन्यानं निघून गेली.

क्योटोला प्रभुलिंगनं उतरण्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. झटकन बाहेर, शिस्तीत वळण, झटकन आत. दार मिटलं. लिफ्ट हातभर खाली गेली, कण्हली आणि थांबली.

बटणं दाबून झाली. काही उपयोग नाही. थोड्या वेळानं जिना चढून क्योटोच्या दाराशी आलेल्या ज्ञानबाचा वरून आवाज आला, “आत कोन हाय का?”

प्रभुलिंगनं अव्वाकडे पाहिलं. अव्वानं प्रभुलिंगकडे पाहिलं. तिनं हसून मान हलवली: बोल की.

त्यानं पिशवी छातीशी आणखी घट्ट धरली.

“कोन न्हाय. रिकामीच अडकली,” ज्ञानबा स्वतःशी म्हणाला. मग त्यानं कुणाला तरी फोन लावला. “आवं मेकॅनिक, लिफ्ट बंद हाय. न्हाय, आत मानूस न्हाय. दुपारी आलासा तरी चालंल.”

प्रभुलिंगनं टोकियोचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं. अव्वानं मात्र खाली फतकल मारली, पिशवी उघडली आणि कडक भाकरी काढली. सोबत शेंगाची चटणी. सोलापूरची कडक भाकरी म्हणजे कागदाएवढी पातळ, महिनाभर टिकणारी. पण दाताखाली गेली की वीट फुटल्यासारखी बोलते. इथे दात बत्तीस, आणि वर बंद लोखंडी पेटी.

कडाड! कडकड! कडाड!

“पळा!” बाहेर ज्ञानबा ओरडला. “लिफ्टची तार तुटतीया!”

सगळी इमारत गोळा झाली. त्यात देवयानीही आली.

“अहो, आत काका आणि आजी आहेत! मी पाहिलंय! काका वाकले होते. तेव्हाच मला वाटलं, यांना काहीतरी होतंय!”

“अरं द्येवा, मगाशी मी हाक मारली तर वो दिली न्हाय!”

“बेशुद्ध पडले असतील. अग्निशामक दलाला फोन लावा! दार कापायला सांगा!”

गर्दीत शिवलीलाही होती. तिनं तो आवाज पहिल्याच घासाला ओळखला. पण लग्नानंतरच्या तीस वर्षांत नवरा एवढा वेळ गप्प राहिल्याचं तिला आठवत नव्हतं. तिनं घाई केली नाही.

कडाड!

“सगळे मागं सरा! शेवटची तार ऱ्हायली!”

प्रभुलिंगच्या डोळ्यांसमोर अग्निशामकची लाल गाडी, कापलेलं दार आणि सोसायटीची मीटिंग उभी राहिली. त्यानं दारावर मुठी आपटल्या.

“अहो, तार नव्हे! भाकरी आहे ती! भाकरी!”

आत अव्वानं उरलेला तुकडा फडक्यात बांधला, हात झटकले आणि पाऊण तासात पहिल्यांदा शब्द काढला.

“तुज्या पिशवीचा पट्टा दारात अडकलाय. मागं बग. ओढ.”

प्रभुलिंगनं वळून पट्टा ओढला. दार नीट मिटलं आणि लिफ्ट मुकाट खाली निघाली.

“तुला आधीच दिसलं होतं?”

“व्हय की. पैल्या मिनिटाला. पन गाडीत बोलायचं न्हाय म्हनला होतास न्हवं?”

ओसाकाला दार उघडलं तेव्हा जिना उतरून सगळी बिऱ्हाडं समोर उभी होती. अव्वा पिशवी छातीशी धरून झटकन बाहेर पडली, शिस्तीत वळली आणि सगळ्यांना कमरेतून वाकून नमस्कार केला. प्रभुलिंग लिफ्टमध्येच उभा राहून खुलासा करू लागला, “त्याचं असं आहे, जपानमध्ये परदेशी पर्यटक जेव्हा...”

दहा मोजून झाले. दार मिटलं. मघाशी दाबलेलं टोकियोचं बटण अजून पेटलेलं होतं. लिफ्ट त्याला घेऊन निघून गेली.

तेवढ्यात शिवलीलाचा फोन वाजला. विरेश होता. अव्वानं फोन तिच्या हातातून घेतला.

“आजी, तिकिटं काढतोय. तिघांचीही काढू ना?”

“माजं आन् शिवलीलाचं काढ,” अव्वा म्हणाली, आणि लिफ्टवरच्या लाल आकड्याकडे पाहू लागली. तिथे तीन दिसत होता. “तुज्या बापाचं जरा थांब. त्यो परत टोकियोला गेलाय.”